वाचलेल्यांची साक्ष न घेता जिंकलेला खटला

११ जानेवारी २००० रोजी लंडनच्या हायकोर्टात बदनामीचा एक खटला उभा राहिला. फिर्यादी होता डेव्हिड आयर्विंग, दुसऱ्या महायुद्धावर जाडजूड पुस्तकं लिहिणारा ब्रिटिश लेखक. जर्मन दफ्तरखाने पालथे घालणारा माणूस म्हणून त्याचा बोलबालाही होता. प्रतिवादी होत्या अमेरिकन इतिहासकार डेबोरा लिपस्टॅट आणि त्यांचे प्रकाशक पेंग्विन. लिपस्टॅटबाईंनी आपल्या पुस्तकात आयर्विंगला होलोकॉस्ट नाकारणाऱ्यांत धरलं होतं. म्हणजे नाझी राजवटीने सुमारे ६० लाख ज्यूंना पद्धतशीरपणे ठार मारलं ही गोष्ट खोटी तरी आहे किंवा फुगवलेली तरी, असं सांगत फिरणाऱ्यांत.

इंग्लंडच्या बदनामीच्या कायद्यात खरेपणा सिद्ध करायचा भार लिहिणाऱ्यावर असतो. ज्याने लिहिलं त्यानेच ते खरं असल्याचं दाखवायचं. अमेरिकेत हा दावा पहिल्याच तारखेला निकालात निघाला असता; आयर्विंगने लंडन निवडलं ते उगीच नाही. आता लिपस्टॅटबाईंना सिद्ध करायचं होतं की हा माणूस चुकत नाही, तर जाणूनबुजून खोटं लिहितो.

त्या वेळी पोलंडमधल्या आउशवित्झ या नाझी मृत्युछावणीतून वाचलेले पुष्कळ लोक हयात होते आणि त्यांतल्या काहींची साक्ष द्यायची तयारी होती. लिपस्टॅटबाईंच्या वकिलांनी त्यांतल्या एकालाही पिंजऱ्यात उभं केलं नाही.

ऐकणाऱ्याला हे विचित्रच वाटतं. डोळ्यांनी पाहिलेला माणूस समोर असताना त्याला गप्प का बसवायचं?

एक कारण व्यवहारी होतं. आयर्विंगने वकील दिला नव्हता, उलटतपासणी तो स्वतः घेणार होता. असं झालं की काय होतं याचा अनुभव गाठीशी होता. १९८५ मध्ये टोरांटोत अर्न्स्ट झुंडेल नावाच्या नकारवाद्यावर खटला चालला, तेव्हा सरकार पक्षाने छावण्यांतून वाचलेल्यांना साक्षीला आणलं. एप्रिल १९४४ मध्ये आउशवित्झमधून पळून जाऊन तिथली हकीकत बाहेर पोचवणारे रुडॉल्फ व्हर्बा त्यांत होते. बचावाच्या वकिलाने त्यांना सोलून काढलं. गॅसने मारताना तुम्ही स्वतः पाहिलंत का, या धर्तीचे प्रश्न. गॅस चेंबरमध्ये शिरून ज्यांनी पाहिलं ते परत आलेच नाहीत, हे त्यालाही ठाऊक असणार.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, आणि नकारवाद्यांना उत्तर कसं द्यायचं याची मेख माझ्या मते तिथेच आहे. वाचलेल्या माणसाला ‘हे घडलं का ते सांगा’ म्हणून उभं केलं, की हे अजून ठरायचं आहे असं आपणच मान्य करतो. आणि हे ठरवायला त्या म्हाताऱ्या माणसाच्या स्मरणशक्तीची गरजच नाही. मारणाऱ्यांनी स्वतःच्या हाताने पुरेसं लिहून ठेवलं आहे.

मारणाऱ्यांचे कागद

नाझींनी खुणा पुसायचा प्रयत्न केला हे खरं. १९४२ पासून एसएस या नाझी निमलष्करी संघटनेतल्या पॉल ब्लोबेल नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली पूर्व युरोपातल्या सामूहिक कबरी उकरून प्रेतं जाळायचं काम चाललं. आउशवित्झमधलं शेवटचं स्मशानगृह २६ जानेवारी १९४५ रोजी सुरुंगाने उडवलं आणि दुसऱ्या दिवशी सोव्हिएत फौजा पोचल्या. कागदावर ‘मारलं’ लिहायचं नाही, ‘विशेष वागणूक’ लिहायचं असाही दंडक होता. एसएसचा प्रमुख हिमलर याने ४ ऑक्टोबर १९४३ रोजी पोझेन इथे आपल्या अधिकाऱ्यांसमोर ज्यूंच्या संहाराबद्दल उघड भाषण केलं आणि हे आपल्या इतिहासातलं कधीही न लिहिलं जाणारं गौरवाचं पान आहे, अशा अर्थाचं बोलला. त्या भाषणाचं ध्वनिमुद्रण आजही ऐकता येतं. नकाराची सुरुवात नंतरच्या कुणा पुस्तकवाल्याने केलेली नाही, ती मारणाऱ्यांनीच केली.

पण एवढा मोठा कारभार चालवायचा तर हिशेब ठेवावाच लागतो. कार्ल येगर हा एका मारेकरी पथकाचा प्रमुख. त्याचा १ डिसेंबर १९४१ चा अहवाल उपलब्ध आहे. लिथुआनियात कुठल्या तारखेला, कुठल्या गावी, किती पुरुष, किती बायका, किती मुलं मारली याचे रकाने, आणि शेवटी बेरीज १,३७,३४६. बर्लिनच्या व्हान्झे भागात २० जानेवारी १९४२ ला १५ बडे अधिकारी बसले आणि देशवार ज्यूंची यादी पुढे ठेवून, १ कोटी १० लाखांचा आकडा धरून ‘अंतिम उपाया’ची, म्हणजे युरोपातल्या सगळ्या ज्यूंना संपवण्याची, आखणी झाली. त्या बैठकीच्या इतिवृत्ताच्या ३० प्रती निघाल्या होत्या. १६ क्रमांकाची तेवढी १९४७ मध्ये जर्मन परराष्ट्र खात्याच्या फायलींत सापडली. हेर्मान होफ्ले या अधिकाऱ्याने ११ जानेवारी १९४३ रोजी पाठवलेली सांकेतिक तार ब्रिटिशांनी तेव्हाच पकडली होती, पण तिचं मोल कुणाच्या लक्षात आलं नाही. तो कागद लंडनच्या दफ्तरखान्यात थेट २००० साली सापडला. बेल्झेक, सोबिबोर, ट्रेब्लिंका आणि लुब्लिन या मृत्युछावण्यांत १९४२ अखेरपर्यंत आणलेल्या माणसांची एकूण संख्या त्यात आहे: १२,७४,१६६.

हे कागद एकमेकांशी जुळतात. रेल्वेच्या नोंदी, युद्धाआधीच्या आणि नंतरच्या जनगणना, युद्धानंतरच्या, न्युरेंबर्गपासूनच्या खटल्यांत आरोपींनी दिलेले कबुलीजबाब, जमिनीखाली सापडलेले अवशेष, सगळं एकाच दिशेला जातं. एखादा धागा तुटला म्हणून ती वीण उसवत नाही.

मूळ कागद उघडून बघा

लिपस्टॅटबाईंच्या बाजूने केंब्रिजचे इतिहासकार रिचर्ड इव्हान्स यांनी दोन वर्षं एकच काम केलं. आयर्विंगची पुस्तकं घ्यायची, तळटीप पाहायची, त्यात ज्या कागदाचा हवाला दिला असेल तो मूळ कागद काढायचा आणि शेजारी ठेवून वाचायचा. त्यातून ७०० हून जास्त पानांचा अहवाल झाला. त्यातलं एक उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे.

३० नोव्हेंबर १९४१. हिमलर हिटलरच्या मुख्यालयात आहे. दुपारी दीडच्या सुमारास तो तिथून प्रागला हायड्रिख या आपल्या हाताखालच्या अधिकाऱ्याला फोन करतो आणि स्वतःच्या फोनवहीत टिपून ठेवतो: ‘बर्लिनहून निघालेली ज्यूंची गाडी. संहार नाही.’ आयर्विंगने १९७७ च्या आपल्या पुस्तकात यावरून इमला रचला तो असा: हिटलरने हिमलरला बोलावून ज्यूंचा संहार थांबवायला लावलं, म्हणजे हिटलर बिचारा निर्दोष, जे काही झालं ते खालच्यांनी परस्पर केलं.

नोंद आहे ती एका गाडीची. बर्लिनहून लाटव्हियातल्या रिगा शहराकडे निघालेल्या, हजारेक माणसांच्या एका गाडीची. आणि एकच गाडी मारू नका असं मुद्दाम सांगावं लागतं, याचा अर्थ बाकीच्या गाड्यांचं काय होत होतं तो ज्याने त्याने काढावा. ती गाडीही वाचली नाही. हिमलरने फोन उचलला त्याआधीच, त्या दिवशी सकाळी, रुम्बुलाच्या जंगलात त्या सगळ्यांना गोळ्या घातल्या होत्या. पुढची गंमत तर आणखीच आहे. दुसऱ्या दिवशीच्या, १ डिसेंबरच्या नोंदीत एसएसच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी आहे तिथेच राहायचं, असा मजकूर होता. त्यातलं ‘हाबेन’ हे साधं क्रियापद आयर्विंगने ‘युडेन’, म्हणजे ज्यू, असं वाचलं आणि ज्यूंना हलवू नये असा आदेशच तयार केला. ‘ध’चा ‘मा’ करण्याची गोष्ट आपल्याला पेशवाईपासून ठाऊक आहे. इथे मारण्याच्या कागदातून वाचवण्याचा हुकूम काढला.

अशी उदाहरणं इव्हान्स यांनी ओळीने मांडली. माणूस चुकला तर कधी इकडे चुकतो, कधी तिकडे. आयर्विंगची झाडून प्रत्येक चूक हिटलरच्या पथ्यावर पडत होती. न्यायमूर्ती चार्ल्स ग्रे यांना हाच मुद्दा पटला. ११ एप्रिल २००० रोजी तीनशेहून जास्त पानांचा निकाल आला: आयर्विंगने आपल्या विचारसरणीपायी पुरावे सतत आणि हेतुपुरस्सर विपर्यस्त केले, तो ज्यूद्वेष्टा आणि वर्णद्वेष्टा आहे. अपील फेटाळलं गेलं. खर्चाच्या बोज्याखाली २००२ मध्ये त्याचं दिवाळं निघालं.

रसायनशास्त्राचा आव

नकारवाद्यांचा दुसरा लाडका पुरावा म्हणजे तथाकथित लॉइख्टर अहवाल. झुंडेलच्याच १९८८ च्या फेरखटल्यासाठी फ्रेड लॉइख्टर नावाचा अमेरिकन माणूस आउशवित्झला गेला आणि गॅस चेंबरच्या भिंतींचे तुकडे परवानगीशिवाय फोडून घेऊन आला. प्रयोगशाळेने तपासले तर सायनाइडचा, म्हणजे मारायला वापरलेल्या विषारी वायूचा, अंश नगण्य. त्याच वायूने कपड्यांतल्या उवा मारायच्या खोल्यांच्या भिंतींत मात्र भरपूर. झालं, ‘विज्ञानाने सिद्ध केलं’ म्हणून डांगोरा पिटायला मोकळे.

यात दोन गफलती आहेत आणि दोन्ही शाळेतल्या मुलाला कळतील अशा. सायनाइडचा वायू भिंतीत खोल शिरत नाही. वरच्या पापुद्र्यावर, केसाच्या जाडीहूनही कमी खोलीपर्यंत त्याचा अंश राहतो. लॉइख्टरने आणलेली होती जाड ढेकळं. ती कुटून त्यांची भुकटी तपासली की वरचा अंश आतल्या स्वच्छ मालात मिसळून नाहीसाच होणार. नमुने कसले आहेत हे प्रयोगशाळेला सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर पृष्ठभाग खरवडून तपासला असता, असं तिथल्या रसायनतज्ज्ञाने नंतर स्पष्ट केलं. दुसरं म्हणजे, उवा माणसापेक्षा कितीतरी चिवट असतात. माणूस हवेच्या दहा लाख भागांत तीनेकशे भाग सायनाइड असलं तरी काही मिनिटांत मरतो. उवांना दहा लाखांत हजारो भाग इतकं प्रमाण आणि कित्येक तास लागतात. मग जास्त डाग कुठल्या भिंतीवर पडणार? १९९४ मध्ये क्राकोच्या न्यायवैद्यक संस्थेने योग्य पद्धतीने नमुने तपासले आणि गॅस चेंबरच्या अवशेषांत सायनाइडची संयुगं सापडली.

आकड्यांचं प्रकरणही असंच. युद्ध संपता संपता सोव्हिएत आयोगाने आउशवित्झमध्ये ४० लाख माणसं मेली असं जाहीर केलं. तिथल्या फलकांवरही तोच आकडा होता. पुढे संग्रहालयाचे इतिहासकार फ्रान्चिशेक पिपर यांनी गाड्यांच्या नोंदी तपासून सुमारे ११ लाख हा आकडा काढला, त्यांतले १० लाखांच्या आसपास ज्यू. १९९० नंतर फलक बदलले. नकारवादी लगेच म्हणाले, बघा, ३० लाख कमी झाले, मग ६० लाखांतून ३० लाख वजा करा. पण ६० लाखांच्या हिशेबात सोव्हिएत आकडा कधी धरलेलाच नव्हता. राउल हिलबर्ग या इतिहासकाराने १९६१ सालीच आउशवित्झमधले ज्यू १० लाख धरले होते आणि एकूण बेरीज ५१ लाख काढली होती. पाश्चात्त्य अभ्यासकांचे बहुतेक गंभीर अंदाज साधारण ५१ ते ६० लाखांच्या घरात फिरतात. फलक चुकीचा होता, आणि तो इतिहासकारांनीच दुरुस्त केला.

आठवण कशासाठी

मग वाचलेल्यांच्या आठवणींचं काय करायचं? पुरावा म्हणून त्यांची गरज नाही, तर जपायच्या कशाला?

येल विद्यापीठातल्या संग्रहासाठी एका बाईंची मुलाखत झाली. ७ ऑक्टोबर १९४४ रोजी आउशवित्झमध्ये कैद्यांनी उठाव केला त्याबद्दल त्या सांगत होत्या. एकदम चार धुराडी पेटली, उडाली, आम्ही बघत राहिलो. इतिहासकारांनी ते चित्रण पाहिलं आणि नापसंती दाखवली: उडालं ते एकच धुराडं, बाईंची आठवण चुकीची, म्हणून साक्ष बाद. मुलाखत घेणारे मनोविश्लेषक डोरी लाउब यांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं होतं की बाई धुराडी मोजून सांगायला आलेल्या नाहीत. आउशवित्झमध्ये प्रतिकार होऊ शकतो, ही कल्पनेपलीकडची गोष्ट त्यांनी डोळ्यांनी पाहिली, आणि ती त्या सांगत आहेत.

मला दोघांचंही बरोबर वाटतं. धुराड्यांची संख्या ठरवायची तर कागद आणि अवशेष बघावेत. पण तिथे असणं म्हणजे काय होतं, हे कुठल्याही रकान्यात सापडणार नाही. पिंचास गटर ११ वर्षांचे असताना त्यांना वॉर्साहून मायदानेकच्या छावणीत नेलं. आई, वडील आणि जुळी बहीण तिथे पोचताच वेगळी झाली आणि मारली गेली. बहिणीचा चेहरा त्यांना आठवत नाही. आठवते ती तिची लांब सोनेरी वेणी, तेवढीच. कोर्टात या वाक्याचा उपयोग शून्य. उलटतपासणी घेणारा म्हणेल, सख्ख्या बहिणीचा चेहरा आठवत नाही तर तुमचं बाकीचं काय खरं मानायचं? म्हणूनच ही दोन कामं वेगळी ठेवायला हवीत.

हे ज्याला सगळ्यात आधी कळलं तो माणूस स्वतः इतिहासकार होता. इमॅन्युएल रिंगेलब्लुम. वॉर्साच्या गेटोत, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, नोव्हेंबर १९४० पासून त्याने ‘ओनेग शाब्बात’ या नावाने एक गुप्त गट चालवला. गोळा काय करायचं? सगळं. डायऱ्या, मुलांचे शाळेतले निबंध, रेशनकार्डं, ट्रामची तिकिटं, चॉकलेट-गोळ्यांचे कागद, गेटोतले विनोदसुद्धा. आपण कदाचित उरणार नाही, मागे फक्त मारणाऱ्यांचे कागद उरतील, हे त्यांनी ओळखलं होतं. ऑगस्ट १९४२ मध्ये पहिला ऐवज दहा पत्र्याच्या पेट्यांत भरून एका शाळेच्या तळघरात पुरला, फेब्रुवारी १९४३ मध्ये दुसरा दुधाच्या दोन मोठ्या कॅनमध्ये. पेट्या १९४६ मध्ये सापडल्या, आत पाणी शिरलेलं. कॅन १९५० मध्ये. तिसरा ऐवज आजतागायत सापडलेला नाही. गटातल्या साठेक जणांपैकी युद्धानंतर उरले तिघे. त्यांतल्या हेर्श वासर यांना जागा ठाऊक होती, म्हणून खणायचं कुठे ते तरी कळलं. रिंगेलब्लुमला मार्च १९४४ मध्ये नाझींनी मारलं.

त्यानंतरचं काम मोठं आहे. येलचा व्हिडिओ संग्रह १९७९ पासूनच्या मुलाखतींचा. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी १९९४ मध्ये सुरू केलेल्या शोआ फाउंडेशनकडे ५० हजारांहून जास्त मुलाखती आहेत. जेरुसलेमचं याद वाशेम हे होलोकॉस्टचं स्मारक-संग्रहालय मृतांची नावं गोळा करतं. नातेवाईक, शेजारी, जो कुणी ओळखत होता त्याने एकेका मृतासाठी एकेक फॉर्म भरायचा. असं करत करत संख्या ५० लाखांच्या घरात गेली आहे. जर्मनीत गुंटर डेम्निग हा कलाकार मारल्या गेलेल्यांच्या शेवटच्या राहत्या घरासमोर फुटपाथमध्ये दहा सेंटिमीटरचा पितळी दगड बसवतो, वर नाव आणि तारखा. २०२३ मध्ये अशा दगडांनी एक लाखाचा टप्पा गाठला.

आणि वेळ थोडा आहे. जानेवारी २०२४ मध्ये क्लेम्स कॉन्फरन्स या संस्थेने केलेल्या पाहणीनुसार सुमारे २ लाख ४५ हजार वाचलेले हयात होते. त्यांचं मध्यक वय ८६. म्हणजे बहुतेक जण तेव्हा मुलंच होती. म्हणून गटर यांना अनेक कॅमेऱ्यांच्या घेऱ्यात बसवून शेकडो प्रश्नांची उत्तरं नोंदवून ठेवली आहेत. शाळेतलं मूल प्रश्न विचारतं, यंत्र त्याला जुळणारं उत्तर शोधून दाखवतं. यंत्र स्वतःचं काही बोलत नाही, हे यातलं महत्त्वाचं कलम. उलट प्रकारही सुरू झालाच आहे. २०२५ मध्ये आउशवित्झ संग्रहालयाला जाहीर इशारा द्यावा लागला, कारण फेसबुकवर एआयने बनवलेले ‘बळींचे’ फोटो, खोट्या नावांसह आणि रडक्या कहाण्यांसह, धडाधड फिरत होते. लाइक मिळवायला केलेला हा धंदा. करणाऱ्याचा हेतू नकाराचा नसेलही, पण उद्या नकारवादी एक खोटा फोटो धरून खऱ्या हजारांवर बोट ठेवणार.

तुरुंग की वाद

जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्समध्ये होलोकॉस्ट नाकारणं हा गुन्हा आहे, अमेरिकेत नाही. आयर्विंगलाच ऑस्ट्रियात जुन्या भाषणांबद्दल फेब्रुवारी २००६ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली, डिसेंबरमध्ये तो सुटला. लिपस्टॅटबाईंनी या तुरुंगवासाला उघड विरोध केला होता. मला त्यांचं पटतं. २००० सालच्या निकालाने त्याची जी पत घालवली ती कोठडीने घालवली नसती, उलट हुतात्म्याचा आव आणायला कोठडी बरी. पण जर्मनीला मी हे शिकवायला जाणार नाही. ज्या घरात आग लागली होती त्या घराने काडेपेटी कुलपात ठेवली तर समजू शकतं.

सपशेल नकार आता कमी दिसतो. वेड पांघरून पेडगावला जाणारे जास्त: ‘आम्ही नाही म्हणत नाही, फक्त प्रश्न विचारतोय’, ‘युद्धात सगळेच मरतात’, ‘आमच्या देशाने काही केलं नाही, सगळं जर्मनांनीच’. युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या अहवालात टेलिग्रामवरचा होलोकॉस्टविषयीचा जवळजवळ निम्मा सार्वजनिक मजकूर नाकारणारा किंवा विपर्यास करणारा निघाला. फेसबुकने असा मजकूर बंद करायचं ठरवलं ते २०२० च्या ऑक्टोबरात.

आपल्याकडे नकारापेक्षा बेफिकिरी जास्त. रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी हिटलरचं आत्मचरित्र असतं. २००६ मध्ये खारघरला कुणीतरी हिटलरच्या नावाने रेस्टॉरंटच उघडलं. मुंबईच्या ज्यू मंडळींनी हरकत घेतली तेव्हा नाव बदललं. त्यामागे द्वेष नव्हता, नाव लक्षात राहतं एवढाच हिशेब होता. आकाशवाणीची सकाळची ती परिचित धून बांधल्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं, ते वॉल्टर कौफमान १९३४ मध्ये युरोपातून मुंबईत आलेले ज्यू संगीतकार होते, हेही इथे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

तेव्हा ग्रुपवर असला फॉरवर्ड आलाच तर रात्रभर हुज्जत घालू नये. टाकणाऱ्याला एवढंच विचारावं: हा दावा कुठल्या कागदावरून, आणि तो कागद तू पूर्ण वाचलास का? गप्प बसून वाचणारे बाकीचे जे असतात, उत्तर त्यांच्यासाठी द्यायचं. एक मुद्दा खोडला की दुसरा काढतील, त्यामागे धावू नये. फोटो असेल तर तो कुठल्या संग्रहालयाच्या नोंदीत आहे ते पाहावं, नसेल तर आपल्या बाजूचा असला तरी पुढे पाठवू नये.

याहून जास्त काही करायचं असेल तर जर्मनीतल्या आरोलसेन अभिलेखागाराचं काम घरबसल्या करता येतं. त्यांच्याकडे छावण्यांची कार्डं, याद्या, गाड्यांच्या नोंदी अशी सुमारे पावणेदोन कोटी लोकांची माहिती आहे. २०२० पासून त्यांनी ‘प्रत्येक नाव मोलाचं’ अशा अर्थाचा उपक्रम चालवला आहे. स्क्रीनवर एक जुनं कार्ड येतं, त्यावरचं नाव, जन्मतारीख, कैदी क्रमांक वाचून शेजारच्या चौकटींत टंकायचं. तेच कार्ड आणखी अनोळखी लोकांनाही दिलं जातं, आणि उत्तरं जुळली नाहीत तर ते पुन्हा तपासायला जातं. जर्मन यायलाच हवं असं नाही.